लेकराच्या वाटची मिरची

उमरेडहून भिवापूरकडे निघालं की रस्त्याच्या कडेला पूर्वी तीनच प्रकारचे फलक दिसायचे. बियाण्याचे, वाढदिवसाचे आणि वाघाचे. बियाण्याच्या फलकावर माणसाच्या मांडीएवढं कणीस असतं. वाढदिवसाच्या फलकावर काळा चष्मा लावलेले भाऊ असतात आणि त्यांच्याखाली त्यांना शुभेच्छा देणाऱ्या सदतीस चेहऱ्यांचं वारूळ. वाघाच्या फलकावर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा वाघ असतो, आणि तो भाऊंच्या मानाने बराच मवाळ दिसतो. आता चौथा प्रकार आला आहे. त्यावर टाय लावलेले एक सर आभाळाकडे बोट दाखवत उभे असतात आणि खाली लिहिलेलं असतं, ‘आव्हानांना भिडा! बालकांसाठी सकारात्मक दृष्टिकोन शिबिर. वयोगट ४ ते १०.’

वयोगटापाशी मी अडकलो. चार वर्षांच्या माणसापुढे आव्हानं नसतात, असं माझं म्हणणं नाही. चप्पल नेमकी उलट्या पायात जाते. शर्टाची बटणं चार निघतात आणि काजी पाच. मोठी बहीण खेळायला घेत नाही, आणि घेतलंच तर राज्य कायम आपल्यावर. भरल्या घरात आपल्याला झोपवून बाकीचे आइस्क्रीम खातात, हा संशय तर आयुष्यभर पुरतो. पण या सगळ्याला भिडण्यासाठी आभाळाकडे बोट दाखवणारा माणूस कशाला लागतो, ते मला कळेना.

ते कळायची सोय ताईच्या सूनबाईने केली. माझी मोठी बहीण भिवापूरला दिलेली. तिचा नातू पहिलीत. सूनबाई शिकलेली, हौशी, आणि मोबाइलवर ‘मुलं कशी घडवावी’ हे दिवसातून अनेकदा ऐकणारी. तिने पोराचं नाव शिबिरात घातलं आणि मी तेव्हा तिथे असल्यामुळे सोबत म्हणून माझंही घातलं.

मंगल कार्यालयात शे-सव्वाशे पोट्टे बसले होते. मंचावर नवरा-नवरीच्या खुर्च्या तशाच होत्या. सर आले आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, “कठीण हा शब्द तुमच्या शब्दकोशातून काढून टाका!” शब्दकोश घरी असलेलं एकही मूल त्या सभागृहात नसावं. मग मुठी आवळून घोषणा सुरू झाल्या. “मी!” “मी!” “करू!” “करू!” “शकतो!” “शकतोऽऽ!” मंगल कार्यालयाचे पत्रे थरथरले. आमचा नातू सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता, फक्त पायांची त्याने घट्ट कात्री घातली होती. चेहऱ्यावर निश्चय दाटला होता. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघा मामा, कसा आत्मविश्वास आला!” मलाही तसंच वाटलं असतं, पण त्या वयाच्या आत्मविश्वासाची आणि लघवीची मुद्रा सारखीच असते.

घरी येताना तो म्हणाला, “मी करू शकतो म्हणलं न मी, पण त्याईनं जाऊच नाही देल्लं.”

त्या दिवशी त्याच्यापुढे खरं आव्हान एकच होतं. शंभर पोरांत हात वर करायचा आणि म्हणायचं, सर, जाऊन येऊ का. तेवढं सोडून बाकी सगळ्या आव्हानांची तयारी तिथे करून घेतली.

सरकारही यात मागे नाही. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०२४ साली पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. ताण कसा हाताळायचा, श्वास कसा घ्यायचा, एकमेकांशी कसं वागायचं, असं बरंच चांगलं त्यात आहे आणि मी त्याची थट्टा करणार नाही. दप्तर बाजूला ठेवून पोरं शनिवारी हसणार असतील तर हसू द्यावीत. आनंद झाल्याची नोंद कुठल्या रजिस्टरात करायची, हा प्रश्न एखाद्या गुरुजींना पडला असेल तर तो त्यांचा प्रश्न. पण त्याच सरकारचा एक जुना निर्णय मला जास्त शहाणपणाचा वाटतो. बाकीच्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात त्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. कारण ऊन. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाकडे मुलांनी संधी म्हणून पाहावं, असं कोणी म्हणालं नाही. ऊन आहे, घरी राहा, असं सांगितलं. एवढा सरळ विचार शिक्षणात एरवी क्वचित होतो.

आता भिवापूरकडे वळतो. हे गाव मिरचीचं. इथली मिरची आखूड, जाड सालीची, रंगाला गडद लाल आणि तिखटपणात कोणाचंही ऐकून न घेणारी. तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकन मिळेपर्यंत अस्सल भिवापुरी वाणाचं शिवारच आटत गेलं आणि संकरित वाणांनी जागा घेतली, ही गोष्ट वेगळी. आपल्याकडे सत्कार व्हायला जरा उशीरच होतो. तरी नाव टिकून आहे. हिवाळा सरत आला की भिवापुरात सातऱ्यांवर लाल मिरचीचे ढीग पडतात. सातरा म्हणजे मिरची निवडायची जागा. नाकातोंडाला पदर किंवा दुपट्टा बांधून बाया रांगेने बसतात, मिरचीचे देठ खुडतात आणि किलोवर मजुरी घेतात. बाहेरचा माणूस तिथे शिरला की आधी ठसका लागतो, मग डोळे, मग नाक, आणि आपण इथे कशाला आलो होतो ते विसरायला होतं.

शाळा सुटल्यावर पोरं आईला शोधत सातऱ्यावर येतात. तीही शिंकतात, खोकतात. ठसका ही प्रगतीची पायरी आहे, असं त्यांना तिथे कोणी सांगत नाही. एकच वाक्य ऐकू येतं, “डोळ्याले हात नको लावू.” एवढंच. व्यक्तिमत्त्व विकासाची शे-दोनशे पानांची पुस्तकं मी चाळली आहेत, इतकी नेमकी सूचना एकाही पानावर सापडली नाही. त्यात संकट काय आहे ते येतं, ते कुठून वाढतं ते येतं आणि आपल्या हातात काय आहे तेही येतं. हात.

खरी शाळा मात्र संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात भरते. ताई पाटावर बसून भाकरीबरोबर लाल मिरचीचा ठेचा खात असते आणि नातू समोर बसून तिचं तोंड पाहत असतो.

“तिखट हाये का, आजी?”

“हाये नं. मिरची हाये ते, बर्फी नोहोय.”

“मंग कायले खातेस?”

“मले आवडते.”

“मले देशीन?”

“घे. नखाएवढी घे. आन् वरून पानी नको पिऊ, भात खाय.”

पोरगं नखाएवढा ठेचा घेतं, हॅ-हू करतं, लाल होतं, दोन उड्या मारतं, भात कोंबतं आणि थोड्या वेळाने परत येऊन बसतं. “अजून दे.” ताई देते किंवा देत नाही. ती त्याला शाबास म्हणत नाही. टाळ्या वाजवत नाही. मोबाइलवर त्याचं चित्रीकरण करत नाही. तिचं लक्ष तिच्या भाकरीत असतं.

हे असंच का घडतं, याचा शोध घेणारा एक माणूस अमेरिकेत निघाला. पॉल रोझिन त्यांचं नाव, मानसशास्त्राचे प्राध्यापक. मिरचीने तोंड पोळतं, तरी जगातली एवढी माणसं ती रोज मिटक्या मारत का खातात, हा त्यांचा प्रश्न. डेबोरा शिलर यांच्याबरोबर केलेला त्यांचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी ते मेक्सिकोतल्या वाहाका भागातल्या एका डोंगरी खेड्यात गेले, म्हणजे मिरचीच्या थेट माहेरी. आपल्याकडे ती पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. भिवापूर हे तिचं सासर, आणि सासरीच तिचं नाव जास्त झालं.

त्या खेड्यात रोझिनना आढळलं ते ताईच्या पाटावरचंच. मुलांना कोणी मिरची खायला शिकवत नव्हतं. बक्षीस नव्हतं, जबरदस्ती नव्हती, व्याख्यान तर नव्हतंच. तान्ह्यांना देत नसत. जरा मोठी झाली की ती ताटाजवळ बसत, घरातले सगळे खाताना पाहत, थोडी चाखत, नको असेल तर सोडून देत. पाच-सहा वर्षांची होईपर्यंत बरीचशी मुलं आपणहून मिरची मागायला लागत. खेड्यातली कुत्री आणि डुकरं रोज तेच तिखट उष्टं खात होती. त्यांच्यापुढे एक तिखट आणि एक बिनतिखट असे तुकडे ठेवल्यावर जवळपास सगळ्यांनी बिनतिखटच उचललं. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर तर बरीच मेहनत घेतली गेली. अगदी पिल्लं असल्यापासून तिखट खाऊ घातलं, तरी उंदरांना काही मिरचीची गोडी लागली नाही.

मला या उंदरांबद्दल फार आदर वाटतो. त्यांना रोज तिखट मिळत होतं, शिकवणी होती, प्रशिक्षकही चिकाटीचे होते. नव्हतं एकच. समोर बसून, डोळ्यांतून पाणी काढत, तरी मजेत मिरची खाणारी आजी त्यांना नव्हती.

मिरचीची दुसरी गंमत शास्त्रज्ञांना नंतर कळली. तिच्यातलं कॅप्सायसिन हे द्रव्य जिभेच्या मज्जातंतूंवरची एक विशिष्ट खिडकी उघडतं. ती खिडकी असते खऱ्या चटक्यासाठी, साधारण त्रेचाळीस अंशांच्या वर उघडणारी. मिरची ती थंडपणे उघडते आणि मेंदूला निरोप जातो, आग लागली. प्रत्यक्षात काहीच जळत नाही. ही खिडकी १९९७ साली शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्रेचाळीस अंश हा आकडा वाचून भिवापूरकर हसेल. मे महिन्यात दुपारी ही खिडकी आमच्याकडे मिरचीशिवायच उघडी असते. आणि पाणी पिऊन काही उपयोग नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, हेही शास्त्र सांगतं. ताई भात खा म्हणते, तिला नोबेल मिळण्याची चिन्हं नाहीत.

पोळतं, पण जळत नाही. लहान मुलांच्या बहुतेक अडचणी नेमक्या या जातीच्या असतात. पाढा चुकला, वर्ग हसला. धावताना टोंगळा फुटला. मित्र दुसऱ्याच्या बाकावर जाऊन बसला. आग लागल्याचा निरोप मेंदूत पोचतो आणि तो पोचलेला निरोप खराच असतो. त्याला ‘काही नाही, काही नाही’ म्हणणं म्हणजे लाल झालेल्या पोराला तुला तिखट लागलेलंच नाही असं पटवून देणं. दुसऱ्या जातीचं संकटही याच तालुक्यात आहे. अभयारण्याच्या काठावरच्या गावांत संध्याकाळी पोराला एकट्याने बांधीकडे कोणी पाठवत नाही. तिथे कोणताही बाप म्हणत नाही, ‘बाळा, वाघाकडे सकारात्मक पाहा.’ वाघ तुझ्याकडे कसा पाहतो, प्रश्न तो असतो. चौघं मिळून जा, अंधाराच्या आत परत या, एवढं सांगितलं जातं. गावातल्या माणसाला मिरची कोणती आणि वाघ कोणता हे बरोबर कळतं. घोटाळा होतो तो आमच्यासारख्या, सरांची भाषणं ऐकलेल्या माणसांचा. आम्ही गणिताच्या चाचणीला वाघ समजतो आणि पोराला मात्र सांगतो, घाबरू नकोस.

सूनबाईचंच घ्या. बिचारी भाजीतली फोड काढते, नळाखाली धरते, धुते, पुसते आणि मग पोराच्या ताटात ठेवते. तर्रीतून काढून धुतलेला बटाटा तुम्ही कधी पाहिला आहे का? निवडणुकीनंतरच्या उमेदवारासारखा दिसतो. पोर तो खात नाही, मग ती म्हणते, “हा खातच नाही काही.” शाळेतही तसंच. चित्र नीट आलं नाही तर पोर झोपल्यावर ती रेघ सुधारते. प्रकल्पाचं घर ती करते, छताला रंग ती लावते. सकाळी पोर ते घर वर्गात घेऊन जातं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भाडेकरूचा भाव असतो.

तिचा नवरा, म्हणजे माझा भाचा, उलट टोकाचा. तो लाडाने पोराच्या तोंडात ठेच्याचा गोळाच घालतो. “खाय बे! भिवापूरचा हायेस का नाही?” सहा वर्षांच्या मुलावर अख्ख्या गावाच्या भौगोलिक मानांकनाची जबाबदारी येते. पोर रडतं. भाचा म्हणतो, “रडतो काहून पोट्टीवानी?” त्यावर त्याची बारा वर्षांची मुलगी शांतपणे ताटातली मिरची उचलते, कचकन चावते आणि बापाकडे बघत खात राहते. पुढचं जेवण शांततेत होतं.

आणि शिबिरातले सर? ते तिसरंच करतात. ते म्हणतात, मिरची गोड आहे. डोळे मिटा, कल्पना करा, गोड आहे, गोड आहे. अशा कल्पनांचं काय होतं याचाही अभ्यास झाला आहे. गाब्रिएल ओटिंगेन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या बायकांना विचारलं होतं, तुम्ही काय काय रंगवता? ज्यांनी आपण बारीक होऊन मिरवतोय अशी गोडगोड चित्रं रंगवली, त्यांचं वजन इतरांपेक्षा कमी उतरलं. मनातल्या मनात जिना चढून झाला की पायांना चढायची घाई उरत नाही, असा त्याचा साधा अर्थ. आपण बारीक होऊ असा विश्वास ज्यांना होता त्यांना मात्र तो उपयोगी पडला, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे आशा ठेवायला हरकत नाही, जिना विसरायचा नाही.

कौतुकाच्या बाबतीत तर आपण हात इतका सैल सोडतो की विचारू नका. वऱ्हाड असो की नागपूर, पाहुणा आला की पोराला पुढे करून म्हणायचं, “आमचा लय हुशार हाय. पाय, तुले सांगतो, एकदम हुशार.” पोर कविता म्हणतं, पाहुणा दहाची नोट काढतो, ती नोट आई ठेवून घेते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी अमेरिकेत पाचवीच्या मुलांना कोडी घातली. सोपी कोडी सुटल्यावर काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. मग सगळ्यांना अवघड कोडी दिली आणि सगळेच आपटले. त्यानंतर पुन्हा सोपी कोडी आल्यावर ‘हुशार’ मुलं आधीपेक्षाही मागे पडली, मेहनतवाली पुढे गेली. पण मला आवडला तो शेवट. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलांसाठी आपले गुण लिहून द्या म्हटल्यावर ‘हुशार’ ठरवलेल्यांपैकी जवळपास चाळीस टक्के मुलांनी गुण वाढवून लिहिले. १९९८ सालचा हा अभ्यास आहे. हुशार आहेस म्हटल्याबरोबर इतक्या मुलांना खोटं बोलायची बुद्धी सुचते, तेव्हा ती खरोखर हुशार असणार, असं कोणी म्हणालं तर माझ्याकडे उत्तर नाही.

एक अडचण मात्र मला इथे सोडवता येत नाही. जबरदस्ती नको, असं रोझिन सांगतात, ताई सांगते, मलाही पटतं. आणि साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त पोहायला जायचं म्हणून माळ्यावर लपून बसलेल्या श्यामला आई फोकाने बडवते आणि विहिरीकडे रवाना करते. १९३५ सालापासून महाराष्ट्र हे पुस्तक वाचून रडतो आहे. आचार्य अत्र्यांच्या चित्रपटाला तर राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्या माउलीला आजच्या एखाद्या समुपदेशकासमोर बसवलं तर समुपदेशकच रडत बाहेर येईल. तरी श्याम पोहायला शिकतो, आणि आईवरचं त्याचं प्रेम तिळभर कमी होत नाही. याचं उत्तर कदाचित इतकंच असेल की विहिरीवर कमरेला बांधून तरंगायला सुकड होती आणि पाण्यात उतरलेली गावची माणसं होती. किंवा कदाचित उत्तर असं काहीच नसेल आणि आई हा प्रकारच नियमात बसत नसेल. पुढे जाऊ.

कारण मला पोळ्याबद्दल बोलायचं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे दोन गोष्टी होतात. सकाळी मारबत नावाची पुतळी निघते. गावातली रोगराई, खोकला, डास, महागाई, नको असलेलं जे जे आठवेल ते ते नाव घेऊन तिच्याबरोबर जायला सांगायचं आणि तिला वेशीबाहेर नेऊन जाळायचं. नागपुरात तर काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक पाहायला लाखाची गर्दी असते आणि बडगे नावाच्या पुतळ्यांवर थेट पुढाऱ्यांची नावं असतात. वाईट गोष्टींचा विचारच करू नका, असं सांगणाऱ्या सरांनी ही मिरवणूक एकदा पाहावी. शेकडो माणसं गळा फाडून फक्त वाईट गोष्टींची यादी वाचत असतात आणि दुपारी घरी येऊन अत्यंत आनंदाने जेवतात.

संध्याकाळी तान्हा पोळा. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी मिरवले, आज लेकरांचे लाकडी नंदी. दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये नागपुरात याची सुरुवात केली असं सांगतात. चाकं लावलेला नंदी दोरीने ओढत, धोतर-फेटा सांभाळत पोरं तोरणाखाली रांगेत उभी राहतात. झडत्यांची गाणी होतात, नंदीला आणि वेषभूषेला बक्षिसं मिळतात. नंतर घरोघरी जाऊन बोजाऱ्याचे पैसे मागायचे. म्हणजे एका संध्याकाळी लहान मुलाच्या वाट्याला काय काय येतं बघा. गर्दीत उभं राहणं, आपल्यापेक्षा उंच नंदी शेजारी असणं, बक्षीस न मिळणं, धोतर सुटणं, आणि ज्या काकूंच्या खिडकीची काच आपण गेल्या महिन्यात फोडली त्यांच्याच दारात जाऊन पैसे मागणं. इतकं भरगच्च प्रशिक्षण कुठल्याही शिबिरात मिळणार नाही.

पण तान्हा पोळा आता तान्ह्यांचा उरला आहे का? गेल्या काही वर्षांत मी पाहतो, तो आई-बापांचा झाला आहे. नंदीमागे थर्मोकोलचा महाल असतो. महालात विजेची माळ, बॅटरी, एखादा सामाजिक संदेश. ‘पाणी वाचवा’, ‘लेक वाचवा’, ‘झाडे लावा’, सगळं एकाच बैलाच्या पाठीवर. नंदी इतका जड होतो की तो बापाला ओढावा लागतो, पोरगं शेजारून शिवाजी महाराजांच्या वेषात उन्हात घाम पुसत चालतं आणि त्याची दाढी निघून हातात येते. परीक्षकांपुढे संदेश बाप समजावून सांगतो. निकाल लागल्यावर रुसतोही बापच. आमच्या भाच्याने एका वर्षी परीक्षकांशी अबोला धरला होता, आणि परीक्षक त्याचे सख्खे साडू. शेवटी मंडळाने शहाणपणा केला, सगळ्या नंदींना उत्तेजनार्थ बक्षीस ठेवलं. सगळ्यांना एकसारखा टिफिन डबा. पोरं डबे उघडून आत काय आहे ते पाहू लागली. आत काही नव्हतं.

यंदा भाचा मतदानाच्या कामात की कशात तरी अडकला होता आणि सूनबाईला ताप होता. नातवाचा नंदी सजवायला घरात कोणीच रिकामं नव्हतं. ताई म्हणाली, “तुया नंदी तूच सजव.” त्याने सजवला. शिंगांना बहिणीची नेलपॉलिश, पाठीवर आजीच्या जुन्या ब्लाउजचा तुकडा, गळ्यात सुतळीत ओवलेल्या भिवापुरी मिरच्या. एक चाक वाकडं होतं, त्यामुळे नंदी सारखा डावीकडे वळायचा. सूनबाई पांघरुणातून म्हणाली, “मामा, निदान ते चाक तरी सरळ करून द्या.” माझे हात शिवशिवले. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मी हात खिशात घातले.

तोरणाखाली तो रांगेत उभा राहिला. शेजारी चंद्रयान घेऊन आलेला नंदी होता. त्याच्यापलीकडचा नंदी बैलच नव्हता, ते जवळपास धरण होतं, गोसीखुर्दचं असावं, आणि त्यातून खरोखर पाणी वाहत होतं. परीक्षक आमच्या नंदीपुढे थांबले, मिरच्यांकडे पाहून हसले आणि पुढे गेले. बक्षीस धरणाला. यंदा वर्गणी कमी जमली म्हणून टिफिनही नव्हता. आता रडणार, असं समजून मी रुमाल काढला. त्याचा ओठ खाली गेला, थरथरला. ताई काही बोलली नाही, फक्त म्हणाली, “चाल, बोजाऱ्याले जा. अंधार पडते.”

पहिलंच घर खिडकीवाल्या काकूंचं होतं. मी फाटकाशी उभा राहिलो. नंदी डावीकडे वळून थेट त्यांच्या तुळशीला धडकला. काकू बाहेर आल्या, त्यांनी आधी तुळस पाहिली, मग नंदी, मग त्याला. पदराच्या गाठीतून दोनचं नाणं काढून त्यांनी त्याच्या ताटलीत टाकलं.

तो हलला नाही.

“काय झालं रे?”

“काकू, दोन रुपयांत काहीच येत नाही.”

“मंग माझ्या खिडकीची काच किती रुपयांत येते, ते सांग.”

त्याने विचार केला. ओठ अजून पुरता जागेवर आला नव्हता. मग नंदीच्या गळ्यातली माळ काढून त्याने त्यातल्या दोन मिरच्या सोडवल्या आणि काकूंपुढे धरल्या.

“ह्या घ्या. पन तिखट हायेत हं. डोळ्याले हात नका लावू.”

काकूंनी मिरच्या घेतल्या, आत गेल्या आणि दहाची नोट घेऊन आल्या. नोट ताटलीत पडल्यावर त्याने आधीचं दोनचं नाणंही तसंच ठेवलं, नंदीचं तोंड हाताने उजवीकडे वळवलं आणि मला फाटकाशी उभा पाहून म्हणाला, “तुमी घरी जा आजोबा, अजून लय घरं बाकी हायेत.”